आम्लपित्तावरील रोपणशस्त्रक्रिया आणि तिची दूरगामी फलश्रुती



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालत आली आहे ते पेशाने डॉक्टर होते, आणि त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांच्या दवाखान्यातील जुन्या नोंदवह्या मोठ्या विश्वासाने मला चाळावयास दिल्या, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, व्यापारी जमाखर्चासाठी वापरतात तशा लांबट वह्या त्या. प्रत्येक पानावर तारीख, गाव, तक्रार आणि औषध असे रकाने आखलेले, आणि सर्वांच्या उजवीकडे, कागदाच्या काठाला अगदी खेटून, एक अरुंद रकाना, ज्याच्या माथ्यावर एकच शब्द लिहिलेला आहे: ‘पुन्हा’. रुग्ण परत आला की, मग तो आठ दिवसांनी आलेला असो वा आठ वर्षांनी, डॉक्टर जुनी वही काढीत, त्याची मूळची ओळ शोधीत, आणि त्या अरुंद जागेत वेगळ्या शाईने दोन-तीन शब्द टिपीत. ‘बरा.’ ‘तसाच.’ ‘औषध सोडले, पुन्हा सुरू.’ काही ओळींवर तीन-तीन शाया आहेत. आजच्या व्याख्यानाचा विषय मला त्या रकान्याने सुचविला.

पित्त हा आपल्या भाषेतील विलक्षण ऐसपैस शब्द आहे. डोके ठणकू लागले तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, पहाटे हिरवट-पिवळे कडू पाणी ओकले तर पित्त, जेवणानंतर करपट ढेकर येऊन छातीच्या मधोमध आग पडली तरीही पित्तच. आणि माणूस संतापला तर खवळते तेही त्याचे पित्तच. शब्दांचा असा विस्तार भाषेला शोभतो, परंतु दवाखान्यात त्याची किंमत मोजावी लागते. पित्ताशयात खडे झाले म्हणून ती पिशवी काढून टाकलेली बाई सहा महिन्यांनी परत येते आणि काकुळतीने विचारते, ‘डॉक्टर, पित्ताची पिशवीच काढली, मग पित्त अजून कसं होतं?’ तिचा प्रश्न तर्काला धरून आहे. चूक आमची की आम्ही तिला आधी सांगितले नाही. यकृतात तयार होणारे पित्त हा एक रस आणि जठरात तयार होणारे आम्ल हा दुसरा, हे दोन मिनिटांत समजावून सांगता येते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी ही दोन मिनिटे खर्चिली तर पुढची निराशा टळते.

याच शब्दाने केलेला दुसरा घात अधिक भयंकर आहे, म्हणून विषयाला थोडी बगल देऊन तो सांगतो. छातीत जळजळ होते, दरदरून घाम येतो, डावा हात किंवा जबडा अवघडतो, आणि घरची मंडळी ‘पित्त असेल’ म्हणून सोड्याचे पाणी देऊन पहाटेची वाट पाहतात. तो हृदयविकार असू शकतो. पन्नाशीच्या घरातल्या, विशेषतः मधुमेही माणसाला असे प्रथमच झाले तर आधी हृदयाचा आलेख काढावा, पित्ताचा विचार मागाहून करावा.

आता मूळ व्याधीकडे वळू. अन्ननलिका छातीतून खाली येते, मध्यपटल नावाच्या स्नायुमय पडद्यातील छिद्रातून उदरात उतरते आणि जठराला मिळते. या संगमावर अन्ननलिकेच्या भित्तीतील स्नायूंचे एक कडे असते. त्याला मी सोयीसाठी झडप म्हणेन, जरी ते दाराच्या फळीसारखे नसून बटव्याच्या नाडीसारखे आवळले जाते. घास आला की नाडी सैल पडते, घास उतरला की आवळते. बाहेरून मध्यपटलाचा चिमटा तिला आधार देतो, आणि अन्ननलिका जठरात तिरपी शिरते त्या कोनाचाही हातभार लागतो. ही नाडी वरचेवर सैल पडू लागली, अथवा जठराचा माथा मध्यपटलाच्या छिद्रातून वर छातीत सरकला, म्हणजे जठरातील आम्ल वर येते. जठराच्या अस्तराला ते सोसते. अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही.

आपल्या पूर्वजांना ही व्याधी परिचित होती. माधवनिदान या ग्रंथात आम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात ऊर्ध्वग व अधोग असे दोन भेद सांगितले आहेत. वर येणारे ते ऊर्ध्वग, हे नामाभिधान आजच्या शरीरक्रियाशास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहे. याच नगर शहरात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले, आणि तेथे शिकलेल्या वैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी या जिल्ह्यातील ऊर्ध्वग आम्लपित्ताची नाडी पाहिली आहे.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी त्याचा पसारा तोच आहे: चौदा तालुके, सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातील पाऊस आणि पाथर्डीचा दुष्काळ एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरात नोंदले जातात. पावसाळा सरला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूंच्या वाड्यावस्त्यांवरील बिऱ्हाडे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे थंडीत फडात उतरायचे, कंबरेत वाकून बुडख्याशी ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या, आणि रात्री उशिरा कोपीत परतून भाकरी-ठेचा खाऊन लगेच अंग टाकायचे. आम्लाला वर ढकलणारी जेवढी कारणे वैद्यकाच्या पुस्तकात आहेत, त्यांतली बहुतेक या एका दिनक्रमात एकवटली आहेत: भरल्या पोटी वाकणे, जड उचलणे, जेवताच आडवे होणे, आणि त्यावर मशेरी अथवा तंबाखू, जिच्यातील निकोटिन ती नाडी सैल करते. अशा बाईच्या ओच्यात गोळ्यांची एखादी पट्टी हमखास असते. ती कोणी लिहून दिली, किती दिवस घ्यावयाची, याचा तपशील मात्र तिच्यापाशी नसतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ओमेप्राझोल 1988च्या सुमारास बाजारात आले आणि तेव्हापासून या व्याधीचे रूप पालटले. पूर्वी अन्ननलिका भाजून निघाल्यामुळे घास उतरेनासा झालेले रुग्ण वरचेवर दिसत, ते विरळ झाले. हे उपकार लहान नव्हेत. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे की ही औषधे आम्लाची निर्मिती कमी करतात, झडप दुरुस्त करीत नाहीत. वर येणारे वर येतच राहते, फक्त त्याचा दाह कमी होतो. ज्याची तक्रार जळजळीची आहे त्याला गोळी पुरते. ज्याच्या घशाशी रात्री अन्न येते, उशी भिजते, ठसका लागून झोपमोड होते, त्याला ती पुरत नाही. शस्त्रक्रियेचा विचार मुख्यत्वे अशांसाठी आहे.

या शस्त्रक्रियेचा जन्म कसा झाला ती हकीकत मला फार उद्बोधक वाटते. रूडॉल्फ निसन हे जर्मन शल्यविशारद नाझी राजवटीमुळे देश सोडून इस्तंबूलला गेले होते. तेथे 1936 साली अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी व्रण झालेल्या एका तरुणावर त्यांनी शस्त्रक्रिया केली. रोगट भाग काढून अन्ननलिका जठराला पुन्हा जोडली आणि तो जोड सुटू नये म्हणून जठराची घडी त्याच्याभोवती लपेटली. हेतू एवढाच की टाका धरावा. पुढे निसन अमेरिकेत गेले, तेथून स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेले, आणि सुमारे सोळा वर्षांनंतर त्या रुग्णाची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे आढळले की त्याच्या अन्ननलिकेत आम्ल चढल्याची खूण नाही. त्या एका फेरतपासणीने त्यांच्या ध्यानात आले की टाक्याच्या रक्षणासाठी घातलेली घडी वस्तुतः झडपेचे काम करीत आहे. 1955 साली त्यांनी केवळ याच हेतूने ती घडी घातली, 1956 साली तिची माहिती प्रसिद्ध केली, आणि आज दुर्बिणीच्या साहाय्याने जगभर होणारी जठरवेष्टनाची शस्त्रक्रिया ती हीच. सोळा वर्षांनी त्या तरुणाची कोणी चौकशीच केली नसती तर? (याच निसन यांनी 1948 साली आइन्स्टाइन यांच्या उदरातील फुगलेल्या रोहिणीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला होता, आणि आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ जगले. देहात परका पदार्थ ठेवून काळ काय म्हणतो हे पाहण्याचे धैर्य त्या पिढीत होते.)

जठरवेष्टन ही चांगली शस्त्रक्रिया आहे, परंतु तीही काळाच्या कसोटीवर पाहिली पाहिजे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्यांचा सुमारे दहा वर्षांनी शोध घेतला, आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की त्यांतील 62 टक्के लोक पुन्हा नियमितपणे आम्लविरोधी औषध घेत होते. स्वीडनमधील 2,655 रुग्णांच्या अभ्यासात, जो 2017 साली प्रसिद्ध झाला, सरासरी पाच वर्षांत 17.7 टक्क्यांची व्याधी परतली. दोन आकड्यांत एवढे अंतर का, याची कारणे अनेक आहेत: काळ वेगळा, शस्त्रक्रियेची रीत वेगळी, आणि कित्येक जण आम्लाचा पुरावा नसतानाही सवयीने गोळ्या घेत राहतात. वेष्टनाचे आणखी एक दुखणे असे की घडी घट्ट बसली तर ढेकर येत नाही, पोट फुगते, उलटीही करता येत नाही. आपल्याकडे जेवणानंतरची ढेकर ही तृप्तीची खूण; ती बंद झालेल्या माणसाची घुसमट ज्याने पाहिली आहे तो तिला क्षुल्लक म्हणणार नाही.

म्हणूनच शल्यविशारदांच्या मनात कल्पना आली की जठराची घडी न घालता बाहेरून एखादे कडे बसवावे. त्यातील पहिला मोठा प्रयोग अँजेलचिक यांचा. सिलिकोनचे, आत जेल भरलेले, अर्धवट उघड्या वर्तुळाच्या आकाराचे ते कडे अन्ननलिकेभोवती घालून फितीने बांधावयाचे; शस्त्रक्रिया सोपी, अल्पावधीची, आणि पहिल्या वर्षाचे निष्कर्ष मन मोहून टाकणारे. 1979 साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि पुढील काही वर्षांत पंचवीस हजारांहून अधिक माणसांच्या देहात ते बसविले गेले. मग हळूहळू दुसऱ्या प्रकारचे वृत्तांत येऊ लागले. कोणाला घास गिळता येईना; कोणाचे कडे सरकून छातीत गेले, कोणाचे खाली ओटीपोटात उतरले; कोणाच्या बाबतीत ते भिंत झिजवून अन्ननलिकेच्या वा जठराच्या पोकळीतच डोकावू लागले. शेकडोंची कडी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावी लागली आणि ती पद्धत मोडीत निघाली. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष खोटे नव्हते, आणि ते सांगणारेही खोटे नव्हते. त्यांची नोंदवही पहिल्या वर्षाला संपत होती, एवढेच. पुढे अन्ननलिकेच्या भित्तीत बहुवारिक द्रव्य टोचण्याचा एक प्रकार 2003 साली अमेरिकेत संमत झाला आणि गंभीर उपद्रव झाल्यामुळे 2005 साली माघारी घ्यावा लागला. त्याबद्दल अधिक बोलण्यासारखे काही नाही.

अँजेलचिकच्या कड्याचा कटू अनुभव जमेस धरूनच आजचे चुंबकी कडे घडविले गेले. हीच माहिती विद्यार्थ्यांना द्यावयाची असल्याने मी माझ्या टेबलावर एक नमुना ठेवला होता, तेव्हा घरी भांडी घासावयास येणाऱ्या मावशींनी तो उचलून विचारले, ‘ही कुणाची पोत?’ उपमा इतकी चपखल होती की मी तीच उसनी घेतो. टायटॅनियम धातूचे, करवंदाहून लहान, दहा-पंधरा मणी. प्रत्येकाच्या पोटात चुंबक. आणि मण्यामण्यांना जोडणाऱ्या बारीक तारा अशा की प्रत्येक मणी आपल्या शेजाऱ्यापासून थोडा दूर सरू शकतो. ही पोत अन्ननलिकेभोवती घातली की चुंबकांच्या ओढीने मणी जवळ येऊन झडपेला आधार देतात. घास आला की त्याच्या दाबाने पोत उमलते, घास उतरला की मिटते. ढेकर येते, गरज पडल्यास उलटीही होते. अँजेलचिकचे कडे स्थिर होते, हे चल आहे. दोहोंतील खरा फरक हाच.

या कड्याचे पहिले रोपण 2007 साली झाले आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला 2012 साली परवाना दिला. 2013 साली शंभर रुग्णांचा तीन वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यातील एक आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला तो सांगितला जाणे अगत्याचे आहे: शस्त्रक्रियेनंतर लगोलग 68 टक्के रुग्णांना घास गिळताना अडथळा जाणवला. वर्षअखेर हे प्रमाण 11 टक्क्यांवर आणि तिसऱ्या वर्षी 4 टक्क्यांवर आले. म्हणजे पहिले काही महिने भाकरीचा कोरडा तुकडा अडकेल, जीव घाबरा होईल, परंतु बहुतेकांच्या बाबतीत ते ओसरेल. हे ज्याला आधी सांगितले तो धीर धरतो, ज्याला सांगितले नाही तो घाबरून कडे काढून टाका म्हणतो. पाच वर्षांनी त्या शंभरांपैकी 85 जणांची फेरतपासणी झाली. रोज औषध घेणारे उरले 15 टक्के. त्रासदायक प्रमाणात अन्न घशाशी येण्याची तक्रार 57 टक्क्यांवरून 1.2 टक्क्यांवर आली. आणि सात जणांचे कडे काढावे लागले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा त्याचा दोष. तो 2019 सालच्या एका अभ्यासाने काही अंशी भरून काढला, ज्यात 152 रुग्णांची कड्यात आणि दिवसातून दोनदा घ्यावयाच्या गोळीत चिठ्ठी टाकून वाटणी केली होती: सहा महिन्यांनी अन्न वर येण्याची तक्रार कडेवाल्यांपैकी 89 टक्क्यांची गेली, गोळीवाल्यांपैकी 10 टक्क्यांची.

परंतु सहा महिने आणि पाच वर्षे यांवर मी थांबणार नाही, कारण ज्या तिशीतल्या माणसाला आपण हे कडे घालतो त्याला ते चाळीस वर्षे वागवावयाचे आहे. सर्वांत लांब पल्ल्याचा वृत्तांत इटलीतील मिलान येथील आहे. 2007पासून 2020पर्यंत तेथे 335 रुग्णांना कडे बसविले. त्यांपैकी 124 जणांचा मागोवा सहा ते बारा वर्षे, मध्यमान नऊ वर्षे, घेता आला. त्यांतील 79 टक्क्यांची औषधे सुटली होती, आणि 89 टक्क्यांच्या अन्ननलिकेतील आम्लाचे मोजमाप प्राकृत मर्यादेत आले होते. चाळिशीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि मुळात त्रास अधिक असलेल्यांना फायदा अधिक झाला. मला हा वृत्तांत आशादायक वाटतो, हे मोकळेपणाने सांगतो. अँजेलचिकच्या कड्याचे नवव्या वर्षी जे झाले ते याचे झालेले नाही. मण्यांनी भिंत झिजवून आत शिरण्याची भीती सर्वांत मोठी होती. जगभरातील 9,453 रोपणांचा आढावा घेतला असता अशा 29 घटना आढळल्या, म्हणजे चार वर्षांत हजारी तीन. ती कडी बहुतांशी निर्वेधपणे काढता आली. शून्य नव्हे, पण पूर्वीच्या मानाने फारच अल्प.

आणखी एक नवा प्रकार युरोपात 2018पासून मान्यता पावला आहे, ज्यात अन्ननलिकेभोवती काहीच बांधीत नाहीत. सिलिकोनचा एक लहान गोळा जठराच्या माथ्याशी बाहेरच्या बाजूने शिवून बसवितात, म्हणजे संगम उदरातच राहतो, वर सरकत नाही. सर्बिया व हंगेरी या देशांतील पन्नास रुग्णांवर त्याची पहिली परीक्षा झाली आणि पहिल्या वर्षाचे निष्कर्ष उत्तम आहेत. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष उत्तम आहेत, असे अँजेलचिकबद्दलही म्हटले होते, म्हणून मी एवढेच म्हणेन की दहाव्या वर्षाची वाट पाहावी.

कोणाला शस्त्रक्रिया करावी या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, 2019 सालच्या, फार सुरेख मिळते. गोळ्यांनी बरे वाटत नाही म्हणून पाठविलेले 366 रुग्ण. त्यांतील 42 जण गोळी योग्य वेळी, जेवणापूर्वी, नीट घ्यावयास लावताच दोन आठवड्यांत बरे झाले. 99 जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. आणखी कित्येक निरनिराळ्या कारणांनी गळाले. सरतेशेवटी 78 उरले, ज्यांचा त्रास आम्लामुळे किंवा वर येणाऱ्या द्रवामुळेच होत होता असे सिद्ध झाले. या 78 जणांत शस्त्रक्रियेने 67 टक्क्यांना यश आले, औषधे वाढवून 28 टक्क्यांना, आणि मूळच्या गोळीवरच ठेवलेल्यांत 12 टक्क्यांना. शस्त्रक्रिया श्रेष्ठ ठरली, परंतु 366 जणांत नव्हे, 78 जणांत. म्हणून दुर्बिणीची तपासणी, अन्ननलिकेच्या स्नायूंच्या दाबाचे मोजमाप, आणि चोवीस तास आम्ल मोजणारी नळी, एवढे झाल्यावाचून कोणीही आपल्या छातीखाली कडे घालून घेऊ नये.

आता मी माझ्या मनातील मुख्य गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी एक साठीच्या पुढचे गृहस्थ कंबरदुखीसाठी आले. त्यांना चुंबकी अनुनादाची, म्हणजे ज्याला सारे जण एमआरआय म्हणतात ती, तपासणी करावयाची होती. पोटावर शस्त्रक्रियेच्या चार बारीक खुणा होत्या. विचारता त्यांनी सांगितले की परमुलखात, मुलाकडे असताना, पित्ताचे ऑपरेशन झाले. काय बसविले? ठाऊक नाही. कागद? त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची एक चुरगळलेली पिशवी काढली आणि तिच्यातून एक घडी पडलेला कागद माझ्यासमोर उलगडला. पावसाने ओला होऊन तो वाळलेला होता. घड्यांच्या रेषांवर शाई पुसली होती. तारखेतील सालाचे शेवटचे दोन आकडे, एक सही आणि शिक्क्याचा निळा अर्धचंद्र, एवढेच वाचता येत होते. पोटात चुंबकाची पोत असेल आणि यंत्राची शक्ती तिच्या मर्यादेपलीकडची असेल तर काय होईल? जुन्या कड्यांना 0.7 टेस्लापर्यंतच मुभा होती, नंतरच्यांना 1.5 टेस्लापर्यंत; तीन टेस्लाच्या यंत्रात त्यांना नेणे वर्ज्य. मी साधे क्ष-किरणचित्र काढविले. छातीच्या तळाशी मणी नव्हते. त्यांचे केवळ जठरवेष्टन झाले होते. त्या दिवशी क्ष-किरणाने कागदाचे काम केले. दर वेळी कोणी ते चित्र काढावयास सांगेलच असे नाही.

हा प्रश्न एका गृहस्थाचा नाही. परदेशी बनावटीचे धातूचे कृत्रिम खुबे 2010 साली सदोष म्हणून जगभर माघारी घेण्यात आले, तेव्हा भारतात ते सुमारे 4,700 माणसांना बसविलेले होते. आणि पुढे केंद्र शासनाच्या समितीने चौकशी केली त्या वेळेपर्यंत त्यांतील हजाराच्या आसपास माणसांचाच ठावठिकाणा लागू शकला होता. उरलेली माणसे कुठे तरी लंगडत असतील, आणि आपल्या देहात विष झिरपते आहे याची त्यांना वार्ताही नसेल. खुबे माघारी घेतले गेल्यानंतर शासनाने 2015 साली वैद्यकीय उपकरणांच्या उपद्रवांची नोंद घेणारी योजना सुरू केली आणि 2018च्या जानेवारीपासून उपकरणांचे स्वतंत्र नियम अमलात आणले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु नोंद करावयाची तर रुग्ण परत यावयास हवा, आणि ऑक्टोबर ते एप्रिल जी बाई फडावर आहे, तिला कोणत्या पत्त्यावर बोलवावयाचे?

मिलानमध्ये सहा ते बारा वर्षांनंतरही 124 जण सापडले. आपल्या जिल्ह्यात किती सापडतील? निराश होण्याचे मला कारण दिसत नाही, आणि ते याच जिल्ह्यामुळे. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले, आणि ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती, ज्यांतील अनेकींना गावात पाण्याच्या हौदाजवळ उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी गावाच्या आरोग्याची सूत्रे दिली. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोणाचे मूल खंगते आहे, कोणाचे क्षयाचे औषध मध्येच सुटले, हे त्या बायकांना तोंडपाठ असे, कारण त्या त्याच उंबऱ्यावर पुन्हा जात. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या पुन्हा जाण्याबद्दल होता, असे मी मानतो. यंत्र, रुग्णालय, निष्णात शल्यविशारद हे पैशाने आणता येते. उंबऱ्यावर पुन्हा जाणारे माणूस आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच तयार झालेले आहे. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत. त्यांच्या वहीत आणखी एक रकाना आखला जावा आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा, एवढेच करावयाचे आहे.

समोर बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की कोणाच्याही देहात कडे, जाळी, खुबा, झडप, काहीही ठेवाल तर त्याचे नाव, क्रमांक, तारीख आणि एमआरआयची मर्यादा मराठीत लिहिलेला जाड कागद त्याच्या हाती द्या, त्याची प्रत आपल्या दप्तरात ठेवा, आणि पहिल्या, पाचव्या व दहाव्या वर्षी त्याला स्वतः होऊन बोलवा. तो आला नाही तर का आला नाही हे शोधा. आणि आपणा सर्वांना विनंती अशी की घरात ज्या पेटीत सातबाराचे उतारे, खरेदीखते आणि मुलांचे जन्मदाखले ठेविता, त्याच पेटीत शस्त्रक्रियेचा कागदही ठेवा. ऊसतोडीला जाताना त्याची एक प्रत सोबत न्या. आणि ज्यांना ज्यांना आजवर असे काही बसविले आहे त्यांनी, बरे वाटत असले तरीही, या वर्षी एकदा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन ‘पुन्हा’च्या रकान्यात आपली नोंद करून यावे.